फुटबॉलचा पंच आणि खेळाडू

सोलापूर हें चार भाषांचें शहर आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारी भाषा येथें एकाच गल्लींत कानीं पडतात. १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या मिलनें आणि तिच्या मागून निघालेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु या गिरण्यांनीं निरनिराळ्या मुलखांतील माणसें येथें एकत्र आणलीं. त्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. परंतु त्यांनीं वसविलेली वस्ती कायम आहे. अशा गांवांत बावीस तरुण एका मैदानावर चेंडूमागें धांवूं लागले, म्हणजे सर्वांना सारखीच समजणारी भाषा एकच उरते, आणि ती म्हणजे पंचाच्या शिट्टीची. या शिट्टीला अधिकार कोणी दिला, आणि खेळाडू तो कधीं मानतो व कधीं मानीत नाहीं, याचा इतिहास बोधप्रद आहे.

आरंभीं फुटबॉलला पंच नव्हताच. १८६३ सालीं लंडन येथें फुटबॉल असोसिएशननें जे नियम केले, त्यांत पंचाचें नांवहि नाहीं. वाद निघाला तर दोन्ही संघांचे नायक एकमेकांशीं बोलून तो मिटवीत. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडणार नाहीं, अशी त्या काळची समजूत होती. पुढें सामन्यांत चुरस वाढली, तेव्हां प्रत्येक संघ आपला एकेक अंपायर नेमूं लागला. या दोघांचें एकमत झालें नाहीं, तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे प्रश्न जाई. ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो रेफरी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. खेळाडूंनीं दाद मागितल्यावांचून अंपायरहि बोलत नसे. १८९१ सालीं ही व्यवस्था बदलली. दोघे अंपायर रेषेवर निशाण घेऊन उभे राहिले आणि बाहेरचा रेफरी मैदानांत आला. पेनल्टी किकचा नियमहि त्याच वर्षीचा. नियम जाणूनबुजून मोडले जातात, ही गोष्ट जणूं त्या दिवशीं खेळानें उघडपणें कबूल केली. नंतर थोड्याच वर्षांत, कोणी दाद मागो वा न मागो, स्वतःहून निर्णय देण्याचा अधिकार रेफरीला मिळाला.

नियम बदलला, तरी संवय बदलली नाहीं. चेंडू कोणाच्या हाताला लागला कीं आजहि अकरा जण एकदम हात वर करून ओरडतात. ती आरडाओरड म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं रद्द झालेल्या दाद मागण्याच्या हक्काचा अवशेषच होय. आपल्याकडे या संवयीला आणखी एक आधार आहे, तो क्रिकेटचा. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापुरांत १९२६ सालीं झाला. त्या गांवच्या मुलाच्या हातीं चेंडूआधीं बॅट येते, यांत नवल नाहीं. क्रिकेटमध्यें दाद मागितल्याशिवाय पंच गडी बाद देत नाहीं. तेथें ओरडणें हा नियमाचा भाग आहे. तोच मुलगा फुटबॉलच्या मैदानावर येऊन ओरडतो, तेव्हां तेंच वर्तन पंचाचा उपमर्द ठरतें. अनेक तंट्यांचें मूळ दुष्टपणांत नसून या गफलतींत असतें.

आपल्या भाषेनें रेफरीला ‘पंच’ हें नांव दिलें, तें विचार करण्याजोगें आहे. पंच म्हणजे पांच. गांवच्या पंचायतींतील तो शब्द एकट्या माणसाला लागला. मराठेशाहीच्या न्यायपद्धतीचें वर्णन एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत केलें आहे. तींत एक रीत मोठी अर्थपूर्ण होती. वाद ऐकण्यापूर्वीं दोन्ही पक्षांकडून पंचायत राजीनामा लिहून घेई. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळीं त्याचा अर्थ, ‘पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे,’ असा होता. निवाडा झाल्यावर हरणारा पक्ष यजितपत्र लिहून देई, म्हणजे आपण हरलों हें स्वतःच्या हातानें कबूल करी. पंचाचा अधिकार वरून आलेला नव्हता. भांडणाऱ्या दोघांनीं तो आधींच त्याच्या हातीं ठेवलेला होता. आपल्या देशी खेळांचे नियम लेखी झाले, खोखोचे पुण्यास १९१४ सालीं आणि हुतूतूचे बडोद्यास १९२३ सालीं, तेव्हां तेथेंहि तोच शब्द आणि तीच कल्पना पंचाच्या वांट्यास आली.

फुटबॉल मात्र हिंदुस्थानांत या वाटेनें आला नाहीं. तो पलटणींबरोबर आला. मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली आणि तिच्या पहिल्या दशकांत गोऱ्या पलटणींचेंच वर्चस्व होतें. मैदानावर शिट्टी वाजविणारा मनुष्यहि बहुधा युरोपियन असे. १९११ सालीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हां साऱ्या देशाला आनंद झाला. परंतु पुढील कित्येक वर्षें गोऱ्या पंचांच्या पक्षपाताची तक्रार कलकत्त्यांतील हिंदी संघ करीतच होते. ज्या पंचाला आपण राजीनामा लिहून दिलेला नाहीं, त्याचा निवाडा हा हुकूम वाटतो. आणि हुकूम पाळला जातो, तो मनानें मानला जात नाहीं. हिंदी खेळाडूंची फुटबॉलच्या पंचाशीं पहिली ओळख झाली ती अशी.

स्वातंत्र्य आलें आणि पंच आपलाच झाला. मग तंटा मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं, त्याचें रूप पालटलें. पूर्वींचा प्रश्न ‘हा कोणाच्या जातीचा, गोऱ्यांच्या कीं आमच्या’ असा होता; आतां तो ‘हा कोणत्या पेठेचा’ असा झाला. महाराष्ट्रांत याचें ठळक उदाहरण कोल्हापूर. तेथील संघांचीं नांवेंच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशीं आहेत. संघ म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर हजारों लोक सामन्याला जमतात. या प्रेमानेंच तेथील फुटबॉल जगला. आणि याच प्रेमाचा अतिरेक होऊन मैदानावर व मैदानाबाहेर हाणामारी झाल्याचे प्रसंगहि आले. अशा गांवांत पंचाला दुसऱ्या दिवशीं त्याच बाजारांतून जावयाचें असतें. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत खेळाडूंची चकमक झाली. तिचा वणवा प्रेक्षकांत पसरून चेंगराचेंगरींत १६ माणसें मेलीं. मैदानावरील एका क्षणाचा राग किती दूर जाऊं शकतो, याचें हें भयंकर प्रमाण आहे.

पंचाच्या हातीं नवीं साधनें आलीं, त्यांपैकीं एकाची कथा सोलापूरकरांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेंत इंग्लंड व अर्जेंटिना यांचा सामना होता. पंच जर्मन, अर्जेंटिनाचा नायक रॅटिन याला स्पॅनिशखेरीज भाषा येत नव्हती. पंचानें त्याला बाहेर काढलें. तो दुभाष्या मागत राहिला आणि कित्येक मिनिटें मैदान सोडीना. पंचांची व्यवस्था पाहणारे केन ॲस्टन यांना रस्त्यावरील रहदारीचे दिवे पाहून युक्ति सुचली, आणि १९७० च्या विश्वचषकांत पिवळें व तांबडें कार्ड आलें. भाषा निराळी असली, तरी रंग सर्वांना कळतो. चार भाषांच्या शहराला या युक्तीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

परंतु कार्डानें निर्णय कळतो. तो पटतोच असें नाहीं. मोठ्या सामन्यांत २०१८ पासून चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय विश्वचषकांतहि झाली. गांवच्या सामन्यांत कॅमेरा नसतो. पुष्कळदां रेषेवरचे पंचहि नसतात आणि चुन्याच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या असतात. ऑफसाइड झाला कीं नाहीं, तें एकट्या माणसानें धांवतां धांवतां, चाळीस पावलांवरून आणि एका क्षणांत ठरवावयाचें. त्याच्या हातून चूक होणारच. त्या चुकीची शिक्षा म्हणून शिवी, धक्का वा मार मिळूं लागला, तर असा मनुष्य पुढच्या वर्षीं शिट्टी खालीं ठेवतो. ही भीति आपल्यापुरतीच नाहीं. ज्या इंग्लंडांत हा खेळ जन्मला, तेथें हौशी सामन्यांतील कांहीं पंचांच्या छातीवर २०२३ सालीं संरक्षणार्थ कॅमेरे लावून पाहण्याची वेळ आली. त्याआधीं २०१९ मध्यें, पंचाशीं हुज्जत घालणाऱ्या हौशी खेळाडूला दहा मिनिटें बाहेर बसविण्याचा नियम तेथें लागू झाला होता. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेंत तर, पंचाकडे खुलासा मागण्यास फक्त नायकानेंच जावें, असें ठरलें.

येथें इतिहासाचें चक्र पुरें झालेलें दिसतें. १८६३ मध्यें बोलण्याचा अधिकार दोन नायकांकडे होता. दीडशें वर्षांहून अधिक काळानें तो पुन्हां नायकाकडेच आला. मधल्या काळांत शिट्टी आली, निशाण आलें, कार्ड आलें, कॅमेरा आला. यांतील प्रत्येक साधन आलें तें खेळाडूंचा स्वेच्छेचा राजीनामा थोडा सैल झाला म्हणून. आणि त्या राजीनाम्याची जागा यांपैकीं कशालाच भरून काढतां आली नाहीं.

म्हणून गांवच्या मंडळांनीं करण्यासारखें काम साधें आहे. हंगामाच्या आरंभीं दोन्ही बाजूंच्या नायकांनीं आपल्या संघाचा राजीनामा जुन्या अर्थानें द्यावा, आणि सामन्यांत पंचाशीं बोलावें तें त्यांनींच. पंचानेंहि विचारलेल्या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर द्यावें. खेळ पुन्हां सुरू होण्यापूर्वीं चूक ध्यानांत आली, तर निर्णय बदलण्याची मुभा नियमानें त्याला दिलेली आहे, ती वापरण्यांत कमीपणा मानूं नये. आणि प्रत्येक खेळाडूनें वर्षांतून एकदां तरी, दुसऱ्या दोन संघांच्या सराव-सामन्यांत, शिट्टी स्वतःच्या तोंडांत धरून पाहावी. नव्वद मिनिटांत त्याला जें कळेल, तें नियमांच्या पुस्तकांतून कळणारें नाहीं.

सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा नायक पंचाशीं हस्तांदोलन करतो. पूर्वजांनीं हरल्यावर लिहून दिलेल्या यजितपत्राचेंच तें आजचें रूप आहे. तें देण्यास मन मोठें लागतें; आणि जोंवर तें दिलें जातें, तोंवरच दुसऱ्या दिवशीं सामना होऊं शकतो.