शिवाय : आतला की बाहेरचा?

सुरतेहून हजीऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. कारखान्यांच्या या पट्ट्यात गुजराती दारांवरची जुनी सूचना, ‘रजा सिवाय अंदर आववुं नहीं’, मराठी माणसाला न शिकता कळते. रजा म्हणजे परवानगी, आणि ‘सिवाय’ तर घरचाच. फक्त स च्या जागी आपला श. हा श मात्र फसवा आहे. त्यामुळे शब्द संस्कृत वाटतो. शिव या नावाची चतुर्थीही अशीच होते. पण मूळ आहे अरबी ‘सिवा’, म्हणजे त्याहून वेगळे. फारसीत त्याला पुढचे नाम जोडणारा ‘ए’ लागून ‘सिवाए’ झाले. मराठीत शब्द नामानंतर येऊ लागला, तरी ते जोडशेपूट य होऊन तसेच राहिले. आणि ‘सि’चा ‘शि’ करणे ही मराठीची सवयच: सिक्क्याचा शिक्का झाला, सिपाह्याचा शिपाई. गुजरातीत सिक्को, सिपाई, सिवाय असा स टिकून आहे.

खरी गंमत अर्थात आहे. ‘त्याच्याशिवाय कोणी आले नाही’ यात तो एकटाच आला. ‘त्याच्याशिवाय पाच जण आले’ यात तो धरून सहा. वगळणे आणि भर घालणे ही दोन्ही कामे एकच शब्द करतो, कारण तो मुळात दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. अमुक गोष्ट मुख्य हिशेबापासून वेगळी ठेवा, एवढेच तो म्हणतो. जुन्या महसुली दप्तरातली ‘शिवाय जमा’ पाहा: ठरलेल्या साऱ्याच्या बाहेरची, म्हणून वरची. इंग्रजी ‘एक्सेप्ट’ लॅटिनमधल्या ‘बाहेर काढून घेणे’ या क्रियेवरून आला. तिथे काढणारा हात दिसतो. ‘शिवाय’मध्ये फक्त जागा दिसते.

कोणी म्हणेल, हे दोन वेगळे शब्द असतील आणि उच्चार योगायोगाने जुळला असेल. तसे असते तर ‘खेरीज’ची तीच गत झाली नसती. त्याचे मूळ वेगळे, अरबी ‘खारिज’, म्हणजे बाहेरचा. तरीही ‘त्याच्याखेरीज कोणी नाही’ आणि ‘याखेरीज आणखी एक’ ही दोन्ही वाक्ये सहज चालतात. इंग्रजीतला ‘बिसाइड्स’, मुळात ‘बाजूला’, हाही दोन्हीकडे वावरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: असा दुतोंडी शब्द करारात धोक्याचा. ‘भाड्याशिवाय दोन हजार द्यावेत’ यात भाडे माफ की वेगळे द्यायचे? तिथे ‘वगळून’ किंवा ‘व्यतिरिक्त आणखी’ असेच लिहावे. दारावरच्या सूचनेत मात्र तो धोका नाही, कारण ‘नहीं’ हा नकार वाक्यातच उभा आहे. परवानगी वगळली की दार बंद, दुसरा अर्थ शिरायला जागाच उरत नाही.