सालबर्डी : माडूकाठचे डोंगरगाव आणि बारा वर्षांचे मौन

मराठी गद्याचा इतिहास सांगताना रिद्धपूर आणि पैठण ही नावे हटकून येतात. सालबर्डीचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. मोर्शीच्या उत्तरेला, वऱ्हाडचे काळे रान संपून सातपुडा सुरू होतो तिथे माडू नदीकाठी (कोणी तिला मारूही म्हणतात) हे लहानसे गाव आहे. श्रीचक्रधरस्वामींनी याच गावाच्या डोंगरात बारा वर्षे एकांतात काढली, असे महानुभाव परंपरा सांगते.

स्वामी मूळचे गुजरातचे. रिद्धपुरात त्यांना गोविंदप्रभूंची भेट झाली, ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला आणि त्यानंतर ते लोकवस्तीकडे न वळता उत्तरेच्या डोंगराकडे वळले. पुढे ज्यांच्याभोवती स्त्रिया, शूद्र, ब्राह्मण अशा सर्व थरांतील माणसे गोळा होणार होती, त्यांच्या जीवनातला हा निर्जन काळ.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. म्हाइंभटांनी इ.स. १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केले. त्यांची पद्धत आजच्या संशोधकालाही लाजवील अशी होती. ज्याने प्रसंग पाहिला त्याला गाठायचे, विचारायचे, दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहायचे आणि मगच लिहायचे. स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, हे सारे त्यात आहे. पण सालबर्डीच्या डोंगरात साक्षीदारच नव्हता! म्हणून या काळाच्या लीळा ‘एकांक’ या स्वतंत्र भागात येतात आणि त्यांचा आधार एकच : स्वामींनी पुढे भक्तांना स्वतः सांगितलेल्या आठवणी. पूर्वार्ध-उत्तरार्धातील लीळा आणि एकांकातील लीळा हे दोन वेगळ्या जातींचे पुरावे आहेत. बारा वर्षे एवढा मोठा काळ, आणि त्याबद्दलचा मजकूर मात्र थोडका.

त्या थोडक्यातच सशाची लीळा येते. शिकारी कुत्री मागे लागलेला एक ससा जिवाच्या आकांताने धावत येतो आणि बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली दडतो. पारधी येऊन आपली शिकार मागतात. स्वामी शरण आलेल्या जीवाला देत नाहीत. उलट त्या पारध्यांनाच हिंसेपासून परावृत्त करतात. महानुभावांच्या आचारधर्मात अहिंसेला जे स्थान मिळाले, त्याची कथारूप आठवण म्हणून ही लीळा आजही सांगितली जाते. तिच्यात राजा नाही, दरबार नाही. एक माणूस आहे, एक भेदरलेला प्राणी आहे, आणि भोवती सातपुड्याचे रान आहे.

ही आठवण टिकली हेही नवलच. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. पंथाच्या लोकांनी पाठांतराच्या बळावर ते पुन्हा उभे केले. त्याच शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली आणि स्वामींचे पाय लागलेल्या जागा गावागणिक नोंदल्या गेल्या. वऱ्हाड-मराठवाड्यातील कितीतरी लहान गावांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख या महानुभाव वाङ्मयातच सापडतो.

सालबर्डीचा डोंगर मात्र पोथ्यांहून फार जुना आहे. सातपुड्याच्या दक्षिण कडेने गाविलगड प्रस्तरभंग जातो. भूकवचातील या भेगेमुळे येथे दख्खनच्या काळ्या बेसॉल्टखालचे जुने खडक उघडे पडले आहेत आणि गरम पाण्याचा झराही आहे. नदीनाल्यांनी कापलेल्या परिसरातील लॅमेटा थरांत डायनासोरांच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखीचा लाव्हा सारे झाकून टाकण्याआधी, लांब मानेचे शाकाहारी डायनासोर येथे घरटी करीत होते. पुढे २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्ग-अभ्यासकांना याच डोंगररांगांत, बैतूलच्या बाजूस, प्राण्यांची चित्रे असलेले आदिमानवाचे शैलाश्रय आढळले. डोंगरात कोरीव लेणीही आहेत. म्हणजे आसऱ्यासाठी या कड्याकपारींत येणारे स्वामी काही पहिले नव्हेत.

गुहेतील महादेवाची महाशिवरात्रीची यात्रा मोठी असते. येथून एक भुयार थेट पचमढीच्या महादेवापर्यंत जाते, असे लोक सांगतात. भुयार कोणी पाहिलेले नाही. पण भस्मासुराला चुकवीत पळणाऱ्या शंकराची कथा सांगायला ते लागतेच.

आणि सीमा? ती गावातूनच जाते. सालबर्डीचा एक भाग मोर्शी तालुक्यात, दुसरा बैतूल जिल्ह्यात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हा ही रेघ केवळ एका प्रांतातील होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. अमरावती द्विभाषिक मुंबई राज्यात गेली, बैतूल मध्य प्रदेशात राहिले आणि तीच रेघ दोन राज्यांची सीमा झाली. महाशिवरात्रीला मोर्शीकडून निघालेला यात्रेकरू आजही ती ओलांडूनच डोंगर चढतो. माडू त्याच डोंगरांतून उतरते आणि पुढे वर्धेला मिळते.