कोरडी शिदोरी: सोलापूरकरांच्या नदीकाठच्या दिवसाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, आणि वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या अवर्षणप्रवण पठारावर पाण्याकाठी दिवस घालवणे ही सहज जमणारी गोष्टही नव्हती; तरीही नदीत स्नान करून, वाळूवर पासोडी अंथरून, घरून बांधून आणलेले अन्न चारचौघांत वाटून खाण्याची जी प्रथा येथे रुजली, ती कोकण किनाऱ्यावरील सुटीच्या सहलींच्या कितीतरी आधीची आहे. या प्रथेचे केंद्र अर्थातच पंढरपूर. भीमा येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि पाणी ओसरल्यावर तिच्या पात्रात उघडा पडणारा वाळूचा विस्तीर्ण पट्टा, ज्याला वारकरी ‘वाळवंट’ म्हणतात, तो शतकानुशतके स्नानाचा, कीर्तनाचा आणि पंगतीचा परिसर राहिला आहे.

या वाळवंटात आषाढी-कार्तिकीला जमणारा समुदाय सर्वांच्या परिचयाचा आहे, परंतु एका दिवसाच्या तयारीचा विचार करताना मार्गशीर्षाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. पंढरपूरपासून थोड्या अंतरावर, गोपाळपूरजवळ नदीपात्रातच विष्णुपदाचे मंदिर आहे. श्रीकृष्णाने गाई-गोपाळांसह येथे काला केला, अशी आख्यायिका आहे आणि मार्गशीर्ष महिन्यात विठ्ठलाचा निवास येथेच असतो अशी श्रद्धा असल्याने त्या काळात भाविक कुटुंबे डबे बांधून विष्णुपदावर वनभोजनाला जातात. त्याच महिन्याच्या अमावास्येला, जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांत आणि लगतच्या लातूर-धाराशिव भागात, वेळा अमावास्या साजरी होते. तेव्हा आंबिलाचे मडके, बाजरीचे उंडे आणि अनेक शेंगभाज्या व पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी असे सारे घेऊन माणसे आपल्या शेतावर जेवायला निघतात. पाऊस सरलेला, उन्हाचा ताप नाही आणि नदीला अजून पाणी आहे, असा हा काळ असल्यामुळे घराबाहेर जेवण्याचे हे दोन्ही प्रघात एकाच महिन्यात यावेत, यात नवल नाही.

पायी प्रवासाच्या काळात सामान किती घ्यायचे हे खांद्याच्या बळावर ठरे. दोन्ही बाजूंना खिसे असलेली, एक भाग छातीवर व दुसरा पाठीवर येईल अशी खांद्यावर टाकायची पडशी, अंथरूण-पांघरूण गुंडाळून केलेली वळकटी, पाण्यासाठी तांब्या आणि अंग पुसण्यासाठी पंचा, एवढ्यावर बहुतेकांचे भागत असे. पंचा म्हणजे विरळ विणीचे आखूड सुती वस्त्र. ते पिळून दगडावर टाकले की थोड्याच वेळात वाळते आणि परतीच्या वाटेवर डोक्याला गुंडाळताही येते. धनगरांनी दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीपासून बनवलेली घोंगडी दिवसा बैठक, रात्री पांघरूण आणि पावसात दुमडून डोक्यावरून घेतली की खोळ, अशी तीन कामे करी.

अन्नाच्या बाबतीत मात्र सोलापूरने स्वतःची एक पद्धत घडवली, आणि ती पूर्णपणे कोरडेपणावर उभी आहे. ज्वारीची भाकरी अत्यंत पातळ थापून, मंद आचेवर तिच्यातील ओलावा पुरता जाईपर्यंत भाजली की ती कडक भाकरी होते, पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. ओल्या भाकरीला एका दिवसानंतर जी बुरशीची भीती असते ती हिला नसते. तिच्या जोडीची शेंगाचटणी भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ उखळात कुटून करतात. त्यात पाण्याचा थेंबही पडत नाही आणि कुटताना दाण्यांतूनच सुटणारे तेल तिला ओलसरपणा देते. प्रवासासाठी पीठ दुधात भिजवून केलेल्या दशम्या मऊ राहतात आणि सोवळ्याच्या नियमांतही चालतात, म्हणून त्यांना शिदोरीत मान होता. मात्र ही सारी शिदोरी फार प्राचीन मानणे योग्य ठरणार नाही. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली आणि भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून दख्खनमध्ये त्याची मोठी लागवड एकोणिसाव्या शतकात व त्यानंतर वाढली. म्हणजे ज्वारी जुनी असली तरी आज सोलापूरची ओळख ठरलेली चटणी त्या मानाने अलीकडची आहे. तिचे अलीकडचे असणे तिला उणेपणा आणत नाही; कोरड्या मुलखातील स्त्रियांनी नव्या पिकाचा किती चटकन आणि किती हुशारीने उपयोग करून घेतला, हेच त्यातून दिसते.

सामानातील कापड बदलले ते गिरण्यांमुळे. 1860 मध्ये लोहमार्ग सोलापुरात पोहोचला, 1877 मध्ये पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली पहिली सूत व कापड गिरणी सुरू झाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागांचा, नंतर यंत्रमागांचा व्यवसाय शहरात पसरवला. लूपदार टॉवेलाची कल्पना तुर्कस्तानातून इंग्लंडमध्ये गेली, 1851 च्या लंडन प्रदर्शनात तो यंत्रावर विणलेला दिसला, आणि म्हणूनच मराठीत आजही त्याला टर्किश टॉवेल म्हणतात. त्याच्या विणीत ताण्याचे दोन संच असतात, एक ताठ आणि एक सैल. बाण्याचे दोन-तीन धागे थोडे अलीकडे थांबवून मग एकदम पुढे ठोकले की सैल ताण्याचे फास वर उचलले जातात, आणि हेच फास पाणी शोषतात. सोलापुरी चादरीचे कौशल्य वेगळे आहे: जॅकार्ड यंत्रातील छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पाने ताण्याचा कोणता धागा केव्हा उचलायचा हे ठरवतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते, आणि वाळूत अंथरलेली चादर उलटली तरी शोभा जात नाही. 2005 मध्ये सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक मिळाला. सोलापूरच्या नावाने इतरत्र विणलेला माल बाजारात येत असताना या संरक्षणाची गरज होतीच.

लोहमार्गाने अंतरही कमी केले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी, 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत पोहोचली. दिवसभरात जाऊन येणे शक्य होताच ज्यांना मुक्काम करायचा नव्हता त्यांच्या वळकटीची गरज संपली. शिदोरी, टॉवेल आणि एक चादर एवढे पुरू लागले, आणि आधुनिक अर्थाने ज्याला एका दिवसाची सहल म्हणता येईल तिचे सामान येथे प्रथमच तयार झाले. आज रत्नागिरी महामार्गाने गणपतीपुळ्याला निघालेले सोलापूरचे कुटुंबही साधारण हेच बांधते.

यात भर पडली ती पत्रावळ्यांच्या जागी आलेल्या प्लास्टिकची. जुन्या शिदोरीतील प्रत्येक वस्तू एकतर खाऊन संपत असे किंवा झटकून, पिळून पुन्हा घरी येत असे. पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या मात्र वाळवंटात राहतात, आणि उपशामुळे आधीच खंगलेल्या चंद्रभागेच्या पात्राला हा भार सोसवणारा नाही. 2016 मध्ये राज्य शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ अभियान हाती घेतले, पण नदी स्वच्छ राखण्याचे काम शासनावर सोपवून मोकळे होता येणार नाही. या मार्गशीर्षात विष्णुपदावर जाणाऱ्यांनी कडक भाकरी सुती फडक्यात बांधावी, पाणी तांब्यात न्यावे आणि जे नेले ते सारे परत आणावे.