किती खाऊ घालावे? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

पाळलेल्या कुत्र्याला रोज किती खायला द्यावे? प्रश्न घरगुती आहे, पण त्याचे उत्तर शोधण्यात शरीरक्रियाशास्त्राची शंभराहून अधिक वर्षे गेली.

वजन दुप्पट तर अन्नही दुप्पट, असे आपल्याला सहज वाटते. माक्स रुब्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८३ मध्ये सुमारे ३ ते ३१ किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. सर्वांत मोठा कुत्रा दिवसाकाठी दर किलोग्रॅममागे सुमारे ३६ किलोकॅलरी उष्णता निर्माण करीत होता, तर सर्वांत लहान सुमारे ८८! मात्र हीच उष्णता शरीराच्या पृष्ठफळाने भागली, तेव्हा सर्वांचे आकडे जवळजवळ आले. घनाची बाजू दुप्पट केली की घनफळ आठपट होते, पण पृष्ठफळ चौपटच. म्हणजे लहान प्राण्याला वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि तिच्यातून उष्णताही जास्त जाते. रुब्नर यांचा हा तर्क खरा असेल, तर ऊर्जेची गरज वजनाच्या २/३ घातानुसार वाढायला हवी.

१९३२ मध्ये कॅलिफोर्नियात माक्स क्लायबर यांनी उंदरापासून बैलापर्यंतची माहिती एकत्र मांडली. घातांक २/३ नव्हे, तर ३/४ च्या जवळ आला. असे का, यावर आजही एकमत नाही. पण पशुवैद्यकांना सूत्र मिळाले: किलोग्रॅममधील वजनाचा ३/४ घात गुणिले ७०, म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरी. वजनाचा घन करून दोनदा वर्गमूळ काढले की हा घात मिळतो. २ किलोग्रॅमच्या कुत्र्याला सुमारे ११८ आणि ३२ किलोग्रॅमच्या कुत्र्याला सुमारे ९४२ किलोकॅलरी लागतात. वजन सोळापट, गरज मात्र आठपटच!

पण सूत्रात घालायचे वजन कोणते? कुत्रा आधीच लठ्ठ असेल, तर काट्यावरचा आकडा दिशाभूल करतो. शिवाय एका जातीला योग्य असलेले वजन दुसरीला जास्त ठरते. १९९७ मध्ये डॉटी लाफ्लाम यांनी कुत्र्यांसाठी नऊ अंकांची देहस्थिती-श्रेणी प्रसिद्ध केली. बरगड्या हाताला लागतात का, वरून पाहता कंबर दिसते का, बाजूने पाहता पोट वर खेचलेले आहे का, एवढेच पाहायचे. चार-पाच अंक उत्तम. आपला पालथा पंजा पसरून त्यावरून बोटे फिरवली, तर बरगड्या कशा लागायला हव्यात याचा अंदाज येतो. मूठ वळून उंचवट्यांवरून बोटे फिरवल्यास हडकुळा कुत्रा समजतो.

एवढा खटाटोप कशासाठी? २००२ मध्ये ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवरील आयुष्यभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले होते. मध्यक आयुर्मान कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे निघाले. सांध्यांचे विकारही पहिल्या गटात उशिरा आले. दुसऱ्या गटातील कुत्री अवाढव्य नव्हती, सरासरीने थोडीच स्थूल होती, हे ध्यानात घ्यावे. प्रयोग पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांचा होता, हेही सांगायला हवे. पण निष्कर्ष कमी खाऊ घालण्याच्या बाजूचा आहे.

२०११ मध्ये जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने तापमान, नाडी, श्वसन आणि वेदना यांच्या जोडीला पोषणाची तपासणी पाचवी म्हणून मांडली. प्रत्येक भेटीत वजन आणि देहस्थितीची नोंद व्हावी, हा तिचा आग्रह.

मग दोष लाड करणाऱ्या मालकाचाच का? २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. असा कुत्रा पोट भरूनही आशाळभूतपणे पाहतो. त्या नजरेला भूक समजून आपण पोळीचा तुकडा टाकतो, आणि तो हिशेबात धरत नाही. उपाय उपासमार नव्हे. लठ्ठ मांजराचे खाणे एकदम तोडले, तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, मोजून आणि सावकाश वजन उतरवणे, हीच खरी माया.