रिळावरचा पत्ता

जुन्या गळाच्या काठ्या दुरुस्त करायला लागल्यापासून माझ्याकडे रेशमी दोऱ्याची लाकडी रिळं जमत गेली आहेत. डबा उघडला की पाहणारे दोनच गोष्टी विचारतात: किती जुनं आहे, आणि किंमत किती? पहिल्याचं उत्तर बहुधा लेबलवर मिळतं. दुसऱ्यासाठी दोरा ओढून पाहावा लागतो.

हा मासा धरणारा दोरा नव्हे. काठीवरच्या ज्या कड्यांतून गळाचा दोर सरकतो, त्या कड्यांचे पाय काठीला जखडून ठेवणारा हा दोरा. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदुकांच्या कारागिराने १८४०च्या दशकात बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. पुढे हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची काठी बाजारात रुजवली. चिकटवायला होता प्राण्यांपासून केलेला सरस. सरसाला पाणी सोसत नाही आणि काठीचा तर जन्म पाण्याकाठी! म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेशमाचे वेढे घालत. सरसाने दगा दिला तरी रेशीम पट्ट्या सुटू देत नसे. चिकटद्रव्यं सुधारली तसे हे मधले वेढे विरळ झाले. वेढे दाट दिसले की काठी जुनी असावी, असा माझा पहिला अंदाज असतो.

रिळाचं वय काढणं त्याहून सोपं. लेबलवर ‘नायलॉन’ असेल तर ते १९३८च्या आधीचं असूच शकत नाही. ड्यूपाँ कंपनीने ते नाव त्या वर्षी जाहीर केलं. १९४१ साली अमेरिकेत जपानी रेशीम येणं थांबलं आणि युद्धानंतर काठीवर नायलॉनच बसलं. पत्ताही बोलतो. अमेरिकेतल्या शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल, तर रीळ १९४३ किंवा त्यानंतरचं. पाच आकडी झिप कोड असेल, तर १९६३ किंवा त्यानंतरचं. लेबल फाटलेलं असलं तर मी दोऱ्याचं टोक काडीने पेटवतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नायलॉन वितळून त्याचा मणी होतो.

मग किमतीचं काय? १८७०मध्ये सुरू झालेल्या गुडब्रॉडचं, किंवा १७९५पासूनच्या लंडनच्या पिअर्सलचं नाव दिसलं की संग्राहकाचे डोळे चमकतात. मी आधी हातभर दोरा सोडतो आणि हळूहळू ताणतो. उजेडाने रेशीम कुजतं. वरचे थर तुटले तरी आतले कित्येकदा ठणठणीत निघतात, म्हणून वरचा दोरा तुटला एवढ्यावरून रीळ टाकून देऊ नये. पण आतलाही कट्कन तुटला, तर ते रीळ फक्त शोभेचं.

एकदा माझ्याच हातून चूक झाली. एका जुन्या काठीवर मी भरतकामाचा रेशमी दोरा गुंडाळला. त्याचा पीळ ढिला होता. वार्निश लागताच तंतू उभे राहिले आणि सगळं सोडून पुन्हा गुंडाळावं लागलं. वेढ्याचा दोरा घट्ट पिळाचाच हवा. सुरुवातीचं टोक सहा-सात वेढ्यांखाली दाबायचं. शेवटचे वेढे दुमडलेल्या वेगळ्या दोऱ्यावरून न्यायचे. मग त्या फासात टोक ओवून ते वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. गाठ कुठेच नाही. चमच्याच्या पाठीने घासून फटी मिटवायच्या. त्यावर थेट वार्निश पडलं की पांढरं रेशीम जवळजवळ नाहीसं होऊन खालचा बांबू दिसतो. लाल असेल तर ते गडद होतं. नायलॉनने ही छटा हुबेहूब साधलेली मी अजून पाहिलेली नाही. जुन्या रेशमाचा खरा भाव इथे आहे: त्याच काळातल्या काठीला त्याच रंगाचा, अजून ताण सोसणारा दोरा मिळण्यात.

आपल्याकडेही या काठ्या आल्या. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३चं. महसीर मासा धरणाऱ्या साहेबांची सोबत म्हणून अशा काठ्या इथल्या नद्यांवर फिरल्या. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर खरवडण्याआधी एका कडीच्या पायाखालचा दोरा पाहा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, मूळ रंग तिथेच सापडतो. आणि रीळ सापडलं, तर ते खिडकीत ठेवू नका.