परमुलखातला कामगार आणि रक्ताची तपासणी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्यांना बोलावण्याची प्रथा आहे, त्या विद्वानांपैकी आम्ही नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले; पुष्कळसे युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या खोल्यांत आणि गावच्या वाचनालयात झाले. चळवळीत तीस वर्षे काढल्यावर एक प्रश्न आम्हांस सारखा सतावीत आला आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे म्हणून आज आपल्यापुढे उभे आहो.

प्रश्न असा की, पोटासाठी मुलूख सोडून आलेला मनुष्य रक्ततपासणीचे नाव काढताच मागे का सरतो? तपासणी एचआयव्हीची असो, लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात त्या ‘बी’ काविळीची असो, की ‘सी’ काविळीची असो. फुकट आणि दारात आली तरी तो अंग चोरतो. सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले आहे : अडाणी माणूस, सुईला भितो. आमचे मत निराळे आहे. सुईचे त्याला काही वाटत नाही. सुईमागून जी चिठ्ठी येते, तिला तो भितो. ही भीती अडाणीपणातून आलेली नाही; ती अनुभवाने शिकवली आहे, आणि तो अनुभव सव्वाशे वर्षांचा आहे.

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, उघडकीस आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. शहराची वस्ती तेव्हा आठ लाखांवर होती, आणि गिरण्यांत रत्नागिरीकडून व घाटावरून आलेली माणसे राबत होती. संशयित रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यावे, त्याच्या घरच्यांना वेगळे ठेवावे, घर धुऊन काढावे, सामान जाळावे, असा कारभार सुरू झाला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्या दिवसांत नाना अफवा होत्या, हे खरे. तथापि अफवेच्या बुडाशी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट होती. आत गेलेला माणूस बहुधा जिवंत परतत नसे. कारण त्या रोगावर औषध कोणाजवळच नव्हते.

पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. रेल्वेच्या उतारूंना स्टेशनांवर उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा तपासू लागले. बायकांचीही त्यातून सुटका नव्हती. तोवर मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. एरवी कामगाराचा पगार महिना उलटून गेल्यावरही अडकवून ठेवणाऱ्या गिरण्या त्या काळात रोजची मजुरी रोज हातावर ठेवू लागल्या, तरी माणसे मिळेनात. पुण्यात याच कारभाराचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली जाण्यात झाला, हे आपण सर्व जाणता. परंतु पुण्याच्या घटनेवर ग्रंथ लिहिले गेले. मुंबईहून वळकटी उचलून पायी निघालेल्या कामगाराने काय धडा घेतला, हे फारसे कोणी लिहिले नाही. त्याचा धडा सोपा होता : जो सापडला तो गेला, जो लपला तो वाचला.

नव्वद वर्षांनी इतिहासाने तोच खेळ पुन्हा मांडला. एचआयव्हीचा विषाणू १९८३ मध्ये सापडला, १९८५ मध्ये रक्ताची तपासणी निघाली, आणि १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी आपल्या देशातील पहिले रुग्ण उजेडात आणले. तपासणी आली, पण औषध आले नाही. औषध नसले की सत्तेला कुलूप आठवते. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेहमीप्रमाणे रक्तदान करून आला. त्या रक्तात विषाणू आढळला, म्हणून पोलिसांनी त्याला नेले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. स्वतःच्या गावात, आप्तेष्टांत राहणाऱ्या शिकलेल्या माणसाची ही गत. मग ज्याचे येथे कोणीच नाही, त्याने काय समजावे?

परदेशांतही रीत हीच होती. अमेरिकेने १९८७ पासून एचआयव्ही असलेल्या परकीयांना दार बंद केले, ते २०१० साली उघडले. हैतीतील १९९१ च्या लष्करी उठावानंतर होड्यांतून पळालेल्या निर्वासितांना अमेरिकेने ग्वांतानामोच्या तळावर नेऊन त्यांचे रक्त तपासले. ज्यांचा राजकीय आश्रयाचा दावा प्रथमदर्शनी खरा ठरला होता, अशांपैकी दोनशेहून अधिक माणसे केवळ रक्तातील दोषामुळे तारेच्या कुंपणात अडकून पडली. त्यांनी उपोषण केले. १९९३ च्या जूनमध्ये न्यायालयाच्या हुकमाने त्यांची सुटका झाली.

आपल्या घराजवळ यायचे तर रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांत यावे. तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या आखाती देशांत कामाला जातात. जाण्यापूर्वी ठरवून दिलेल्या केंद्रात, स्वतःच्या खर्चाने, रक्त द्यावे लागते. एचआयव्ही, ‘बी’ वा ‘सी’ कावीळ आढळली की कागदावर शेरा पडतो : अनफिट. तेथे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी, आणि दोष निघाला तर परतीचे विमान. एजंटाला दिलेले कर्ज मात्र परत फिरत नाही. ‘अनफिट’ म्हणजे काय, त्यावर उपचार कोणता, कुठे जावे, हे सांगणारा माणूस फार थोड्यांना भेटतो. येथे तपासणी ही दवाखान्याची पायरी उरत नाही, ती जकातनाका होते.

यावरून आम्ही तपासणीच्या विरुद्ध आहो असा समज कृपा करून होऊ देऊ नये. उलट तपासणीची निकड आम्हांस डॉक्टरांइतकीच वाटते. काविळीचे हे दोन्ही विषाणू वीस-वीस वर्षे गुपचूप यकृत पोखरतात; डोळे पिवळे होण्याची वाट पाहावी तर पुष्कळदा उशीर झालेला असतो. आणि १८९६ ची अगतिकता आज उरलेली नाही. एचआयव्हीचे औषध सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास आरंभ केला. ते नियमित घेणारा माणूस पुरते आयुष्य जगतो, आणि रक्तातील विषाणू मोजमापात येईनासा झाला की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्यास लागत नाही. ‘सी’ कावीळ तर बहुतेकांची बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ बरी होते. ‘बी’ काविळीस लस आहे आणि तिला आवरून धरणारी गोळीही आहे. २८ जुलै २०१८ पासून या काविळींसाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तेव्हा औषध आहे. उरला आहे तो विश्वासाचा प्रश्न.

विश्वास कसा मोडतो आणि कसा जुळतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०१३ च्या सुमारास आमच्या भागातील एका बांधकामावर ठेकेदाराने रक्ततपासणी ठेवली. हेतू चांगलाही असेल. कामगार ओडिशाचे, झारखंडचे आणि काही मराठवाड्याचे. मुकादमाने हजेरीची वही घेऊन एकेकाला रांगेत उभे केले; रक्त कशासाठी घेतात हे कोणी सांगितले नाही. आठवड्याने अहवालांचा गठ्ठा मुकादमाच्याच हाती आला. दोघांचा हिशेब चुकता करून त्यांना गावी धाडले. त्या रात्री आणखी सात-आठ जण वळकटी उचलून निघून गेले. आपला अहवाल बरा की वाईट, हेही त्यांनी विचारले नाही. त्यांपैकी एक पोरगा आम्हांस एस.टी. स्टँडवर भेटला. म्हणाला, “भाऊ, रोगानं मरायला वर्षं लागतील. काम गेलं तर घरच्यांचं महिन्यात मरण हाय.” त्याला अडाणी म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

पुढे आम्ही सरकारी केंद्रातील समुपदेशक बाईंना गाठले आणि दुसऱ्या एका वस्तीवर निराळ्या रीतीने तपासणी ठेवली. वेळ संध्याकाळची, ठेकेदाराचा माणूस दूर, समजावणे हिंदीत, आणि अहवाल ज्याचा त्याच्याच हाती. पहिल्या खेपेस कोणी हात पुढे केला नाही. सर्वांनी दोन प्रश्न तेवढे विचारले. अहवाल मुकादमाकडे जाईल का? आणि गावी गेलो तर औषध तेथे मिळेल का? पहिल्याला बाईंनी ‘नाही’ म्हटले, दुसऱ्याला ‘होय’; कारण औषधाचे केंद्र बदलून घेता येते. तिसऱ्या खेपेस रांग लागली. कोणाचा अहवाल काय आला हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही, आणि तेच योग्य होय. त्या रात्री वळकटी मात्र कोणी उचलली नाही.

बाईंनी जे तोंडी सांगितले, ते कायद्यानेही सांगितले आहे. एका सार्वजनिक कंपनीतील रोजंदारी कामगाराला एचआयव्हीपायी कामावरून कमी केले, तेव्हा तो नाव गुप्त ठेवून मुंबई उच्च न्यायालयात लढला. १९९७ साली न्यायालयाने निकाल दिला की, जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांस धोका नाही, त्याची भाकर केवळ रोगाच्या नावाखाली काढून घेता येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नको, नोकरीसाठी तपासणीची अट नको, अहवाल फोडणे नको, हे त्याने बजावले. मात्र हा कायदा एचआयव्हीपुरताच आहे. काविळीच्या रोग्याला त्याचे छत्र नाही, ते मिळाले पाहिजे. आणि अरबी समुद्रापलीकडे त्याचा हात पोहोचत नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी कारखानदार असेल, कोणी डॉक्टर, कोणी दहा परमुलखी मजुरांना खोली भाड्याने देणारा घरमालक. रोग एका ताटात जेवल्याने किंवा एका खोलीत निजल्याने लागत नाही, हे आपणच त्यांना आणि शेजाऱ्यांना सांगावयाचे आहे. कोणी रक्ताची तपासणी भरवली तर तिला देणगी देण्यापूर्वी एवढे विचारावे : अहवाल कोणाच्या हाती जाणार? औषध कोठे मिळणार? आणि सकाळी हा माणूस कामावर असेल ना? या तिहींची उत्तरे नीट मिळाली, तर बाही वर करण्यास त्याला आपण सांगावे लागणार नाही.