ठसा

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, कुडव्याच्या माझ्या घरी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. बारावी झालेली. म्हणाली, "गुरुजी, मला सायबर गुन्ह्यांच्या तपासाचे शास्त्र शिकायचे आहे. बाबा नको म्हणतात. तुम्हीच सांगा."

मी ओशाळलो. आदल्या वर्षी एका खोट्या संदेशापायी तिच्या वडिलांचे धानाचे पैसे खात्यातून गेले होते. ते माझ्याकडे आले, तेव्हा मीच शहाणपणा केला, "गेले ते गेले. तो संदेश पुसून टाका, चारचौघांत शोभा नको." त्यांनी पुसला. बँकेतली नोंद तेवढी उरली. फसविणाऱ्याचा माग सांगणारा पुरावा मात्र मी माझ्या तोंडाने नाहीसा करविला.

तेव्हापासून पुराव्याच्या इतिहासाचा मला नाद लागला. त्याची सुरुवात आपल्याच देशात सापडते. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर उमटवून घेतला. हेतू एवढाच, की पुढे त्याने 'सही माझी नव्हे' म्हणू नये. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गवारीचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मिळाले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. १९०१ साली ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोचली. ज्या अंगठ्याला आपण अडाणीपणाची खूण मानून हसलो, त्यानेच जगाच्या पोलिसांना साक्षर केले!

पुढे कागदाची जागा यंत्राने घेतली. १७ ऑक्टोबर २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि यंत्रातली नोंदही न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू लागली. पण तिची नक्कल खरी कशावरून? या प्रश्नाचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याच्या खटल्यात लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद झाला. कचेरीतल्या कॅमेऱ्यांनी सारे टिपले होते. पण चित्रणाच्या तबकड्यांबरोबर कायद्याने लागणारा दाखला वारंवार मागूनही मिळाला नाही. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि दंडक घातला: मूळ यंत्र हजर न करता नक्कल दाखवायची, तर दाखला हवाच, मात्र ज्याने तो मिळविण्याची सर्व खटपट केली, त्याला नकाराची शिक्षा नको.

१ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या दाखल्यावर 'हॅश' लिहावा लागतो. हाही एक ठसाच. गणिताने साऱ्या मजकुरातून एक आकडा काढतात. एका प्रचलित पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. म्हणून जाणकार मूळ यंत्राला हात लावीत नाही. वाचू देणारे पण लिहू न देणारे उपकरण मध्ये जोडून तो नक्कल घेतो, दोहोंचे ठसे ताडून पाहतो आणि नकलेवरच काम करतो. पुसलेलेही कधीकधी सापडते. त्या जागेवर नवी नोंद बसली, की मग आशा नाही.

हे सारे मी त्या बापलेकींना सांगितले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे नव्या कायद्याने ठरविले आहे आणि त्याच्या तयारीला राज्यांना पाच वर्षे दिली आहेत. तेव्हा माणसे लागणारच. नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. गोंदियाहून आगगाडीने जाता येते.

"पण चोराचिलटांशी गाठ, गुरुजी!" वडील म्हणाले.

"चोराशी पोलिसांची गाठ. हिची गाठ खऱ्याशी," मी म्हणालो, "आणि त्या दिवशी चूक तुमची नव्हती, माझी होती. तेव्हाच १९३० या क्रमांकावर कळवून संदेश जपून ठेवायला हवा होता."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग लेकीकडे पाहून म्हणाले, "जा, शीक. पुसलेलं शोधणारं कोणी तरी गावात पाहिजे."